पोस्टग्रेसची देखभाल रात्री दोनलाच कशाला?

डेटाबेसच्या देखभालीची वेळ ठरवायची म्हटली की बहुतेक टीममध्ये उत्तर तयारच असतं: रात्री दोनला लावा, तेव्हा कोणी नसतं. मग बॅकअप दोनला लागतो, रोजचे रिपोर्ट दोनला, जुन्या लॉगची सफाई दोनला आणि व्हॅक्यूमही (टेबलमधल्या मेलेल्या नोंदींची सफाई) दोनलाच. माणसं झोपलेली असतात हे खरं, पण यंत्रांची जत्रा नेमकी तेव्हाच भरते. तीन महिने सगळं सुरळीत चालतं. मग एका रात्री बॅकअप लांबतो, त्याच्यामागे टेबलची रचना बदलणारं कुठलंसं ऑल्टर टेबल अडकतं, आणि पहाटे सहाला ऑफिसची बस पकडणारे लोक ॲप उघडतात तेव्हा चक्री फिरत राहते.

हे सगळं पोस्टग्रेस या डेटाबेसबद्दल आहे. कमांड आणि सेटिंगची नावं इथे देवनागरीत आहेत. फाइलमध्ये ती रोमनमध्ये आणि मध्ये अंडरस्कोर घालून लिहायची, हे वाचणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

वेळापत्रक बनवताना घड्याळाच्या आधी तीन गोष्टी विचाराव्यात. हे काम टेबलवर कोणतं लॉक घेतं, म्हणजे इतरांना कशापासून रोखतं? ते किती वेळ धरून ठेवतं? आणि लॉक मिळालं नाही तर किती लवकर माघार घेतं? यांची उत्तरं हाताशी असली की निम्मी कामं भर दुपारी करता येतात. उरलेल्यांपैकी बरीचशी तर करायचीच गरज नसते.

लॉक कोणाला अडवतं

साधा व्हॅक्यूम, ॲनालाइज, क्रिएट इंडेक्स कन्करंटली, रीइंडेक्स कन्करंटली, आधी 'नॉट व्हॅलिड' म्हणून घातलेलं बंधन नंतर व्हॅलिडेट करणं, ही सगळी कामं 'शेअर अपडेट एक्सक्लुझिव्ह' पातळीचं लॉक घेतात. नाव भारदस्त असलं तरी सिलेक्ट, इन्सर्ट, अपडेट, डिलीट चारही त्याच्यासोबत चालू राहतात. अडतं ते त्याच टेबलवरचं दुसरं देखभालीचं काम.

साधं क्रिएट इंडेक्स, म्हणजे कन्करंटलीशिवायचं, वाचू देतं पण लिहू देत नाही. व्हॅक्यूम फुल, क्लस्टर, ट्रंकेट, ड्रॉप आणि ऑल्टर टेबलचे बरेचसे प्रकार 'ॲक्सेस एक्सक्लुझिव्ह' घेतात. तिथे सिलेक्टही थांबतं.

फसवं आहे ते साधं रीइंडेक्स. कागदावर ते टेबलचं वाचन अडवत नाही, फक्त त्या एका इंडेक्सवर ॲक्सेस एक्सक्लुझिव्ह घेतं. पण क्वेरीचा प्लॅन बनवताना प्लॅनर त्या टेबलच्या प्रत्येक इंडेक्सवर छोटं लॉक मागतो, मग तो इंडेक्स वापरायचा असो वा नसो. त्यामुळे व्यवहारात जवळजवळ सगळंच वाचन थांबतं. 'वाचन तर चालू राहील ना' या भरवशावर दुपारी साधं रीइंडेक्स सोडणाऱ्यांना हे उशिरा कळतं. आवृत्ती १२ पासून कन्करंटली उपलब्ध आहे, तेच वापरा.

रांगेची गंमत

'आमचं ऑल्टर टेबल दहा मिलिसेकंदांचं आहे, दिवसा चालवलं तर काय बिघडलं?' हा प्रश्न वरवर रास्त वाटतो. आवृत्ती ११ पासून स्थिर डिफॉल्ट किंमत असलेला नवा कॉलम घालताना आख्खं टेबल पुन्हा लिहावं लागत नाही, त्यामुळे काम खरोखरच क्षणाचं आहे. अडचण कामात नसून वाट पाहण्यात आहे.

समजा ऑर्डरच्या टेबलवर कोणाची तरी वीस मिनिटांची रिपोर्ट क्वेरी चालू आहे. तिच्याकडे सगळ्यात सौम्य लॉक आहे, 'ॲक्सेस शेअर'. आता तुमचं ऑल्टर येतं आणि ॲक्सेस एक्सक्लुझिव्ह मागतं. मिळत नाही, म्हणून रांगेत उभं राहतं. इथपर्यंत कोणाला काही झालेलं नाही. पण त्यानंतर येणारं प्रत्येक साधं सिलेक्टसुद्धा ऑल्टरच्या मागे उभं राहतं, कारण त्याचं लॉक रांगेत थांबलेल्या ऑल्टरच्या मागणीशी जुळत नाही. रिपोर्ट चालू, ऑल्टर थांबलेलं, आणि त्यांच्यामागे सगळी वेबसाइट. दहा मिलिसेकंदांच्या कामाने वीस मिनिटांचा बंद पाळला.

यावरचा उपाय म्हणजे लॉक टाइमआउट. काम चालवणाऱ्या सेशनमध्ये आधी लॉक टाइमआउट २ सेकंद ठेवायचा, मग ऑल्टर. दोन सेकंदांत लॉक मिळालं नाही तर कमांड चूक देऊन बाजूला होते आणि रांग मोकळी होते. मग १० सेकंद थांबून पुन्हा, नाही जमलं तर २० सेकंद, मग ४०. पाच-सहा फेऱ्यांत साधारण फट सापडते. नाही सापडली तर ते काम आज करायचं नाही, एवढंच.

दोन सेकंद हा आकडाही डोळे मिटून घेऊ नका. सेकंदाला ३०० विनंत्या येणाऱ्या टेबलवर दोन सेकंदांत ६०० जण रांगेत लागतात, आणि ॲपचा कनेक्शन पूल १०० चा असेल तर तो पहिल्या सेकंदाच्या तिसऱ्या भागातच भरतो. अशा टेबलवर २०० ते ३०० मिलिसेकंद पुरे. फेऱ्या जास्त लागतील, पण कोणाच्या लक्षातही येणार नाही.

रांग लागलीच तर कोण कोणाला अडवतंय ते पीजी ब्लॉकिंग पिड्स हे फंक्शन सांगतं. त्याला अडकलेल्या प्रोसेसचा क्रमांक द्या, अडवणाऱ्यांचे क्रमांक मिळतात. सवयीने लोक सगळ्यात जुनी क्वेरी मारतात. मारायचं असतं ते मधलं ऑल्टर. रिपोर्ट बिचारा ऑल्टरशिवाय कोणाला अडवत नसतो. लॉग लॉक वेट्स हे सेटिंग चालू ठेवलं तर एक सेकंदापेक्षा जास्त खोळंबलेली प्रत्येक वाट लॉगमध्ये उतरते, आणि पुढच्या वेळचं वेळापत्रक अंदाजावर न बेतता त्यावर बेतता येतं. हा एक सेकंद येतो डेडलॉक टाइमआउटच्या मूळ किमतीतून.

आणखी एक खाच. ॲप आणि डेटाबेसच्या मधे जोडण्या वाटून देणारा पीजीबाउन्सर असेल आणि तो ट्रान्झॅक्शन पूलिंगवर असेल, म्हणजे प्रत्येक ट्रान्झॅक्शनला मोकळी असेल ती जोडणी देत असेल, तर देखभालीची जोडणी त्याच्यातून नेऊ नका. सेट करून दिलेलं लॉक टाइमआउट त्या सर्व्हर-जोडणीला चिकटतं. पुढची कमांड दुसऱ्याच जोडणीवर जाऊ शकते, आणि चिकटलेलं सेटिंग भलत्याच ग्राहकाच्या वाट्याला येतं. सेशनभर टिकणारे ॲडव्हायजरी लॉकही असेच हरवतात. देखभालीने पीजीबाउन्सरच्या ६४३२ पोर्टऐवजी थेट पोस्टग्रेसच्या ५४३२ वर जावं.

व्हॅक्यूम: कमी खा, वारंवार खा

पोस्टग्रेसमध्ये अपडेट म्हणजे जुनी रो तशीच ठेवून नवी लिहिणं. डिलीट म्हणजे रोवर 'मेली' अशी खूण करणं. या मेलेल्या रोंची जागा पुन्हा वापरण्याजोगी करणं हे व्हॅक्यूमचं काम. ती जागा फाइलमध्येच राहते, डिस्कला सहसा परत मिळत नाही. फाइलच्या शेवटची पानं पूर्ण रिकामी असली तरच शेपूट कापलं जातं.

या शेपटाबद्दल एक इशारा. ते कापताना साधा व्हॅक्यूमही थोडा वेळ ॲक्सेस एक्सक्लुझिव्ह लॉक घेतो. मुख्य सर्व्हरवर कोणी मागे थांबलेलं दिसलं की तो सोडून देतो, म्हणून तिथे जाणवत नाही. रेप्लिकावर, म्हणजे मुख्य सर्व्हरच्या चालत्या प्रतीवर, मात्र ते लॉक जसंच्या तसं पुन्हा वाजवलं जातं आणि तिथल्या लांब क्वेरी त्यात सापडतात. वाचनाचा भार रेप्लिकावर टाकला असेल, तर ज्या टेबलांचं शेपूट रोज वाढतं आणि कापलं जातं त्यांच्यावर व्हॅक्यूम ट्रंकेट बंद करा. आवृत्ती १२ पासून हे टेबलनिहाय करता येतं.

मूळ सेटिंगप्रमाणे ऑटोव्हॅक्यूम टेबलकडे केव्हा वळतो? मेलेल्या रो ५० अधिक एकूण रोंच्या २० टक्के झाल्या की. दहा हजार रोंच्या टेबलला हे ठीक आहे. पाच कोटी रोंच्या टेबलला याचा अर्थ एक कोटी मेलेल्या रो साठेपर्यंत कोणी झाडू हातात घेणार नाही. मग एकदम केव्हातरी तो सुरू होतो, तासन्‌तास चालतो, डिस्क तापते, आणि कोणीतरी निष्कर्ष काढतं की ऑटोव्हॅक्यूम त्रासदायक आहे, तो बंद करून रात्री हाताने चालवू. इथून पुढचा उतार सगळ्यांना माहीत आहे.

उलट करायला हवं. मोठ्या, सतत बदलणाऱ्या टेबलांवर स्केल फॅक्टर, म्हणजे तो २० टक्क्यांचा हिस्सा, ०.०१ किंवा त्याहून कमी ठेवा. पाच कोटींवर म्हणजे पाच लाख रोंना एक फेरी. किंवा स्केल फॅक्टर शून्य करून थ्रेशोल्ड (तो ५० चा आकडा) सरळ २ लाखांवर बांधा. टेबल कितीही वाढलं तरी फेरीचं ओझं तेवढंच राहतं. आवृत्ती १८ मध्ये या उंबरठ्याला दहा कोटींची कमाल मर्यादा आली आहे. ती अगदी अवाढव्य टेबलांच्या कामाची. मधल्या आकाराच्या टेबलांसाठी हाताने ठरवणं चुकत नाही.

वेगाचा हिशेब कागदावर करून बघण्यासारखा आहे. ऑटोव्हॅक्यूमला कामाचे गुण मोजून दिले जातात: २०० गुण झाले की २ मिलिसेकंदांची डुलकी. कॅशमधलं पान वाचलं तर १ गुण, डिस्कवरून आणलं तर २ (आवृत्ती १४ च्या आधी १०), आणि पान बदललं तर २०. म्हणजे नुसती पानं बदलत गेला तर एका डुलकीमागे १० पानं, सेकंदाला जास्तीत जास्त ५००० पानं. पान ८ केबीचं, तेव्हा ही मर्यादा सेकंदाला सुमारे ४० एमबी पडते. आजच्या एनव्हीएमई डिस्कला हे किरकोळ आहे, तिथे मर्यादा १००० किंवा २००० गुणांवर नेता येते. क्लाउडमधल्या, आयओपीएस (सेकंदाला किती वाचन-लेखन) मोजून पैसे घेणाऱ्या डिस्कवर मात्र हात आखडूनच वाढवा.

यातली नेहमीची चूक म्हणजे कामगार वाढवणं. मूळचे तीन पुरत नाहीत म्हणून ऑटोव्हॅक्यूमचे कमाल कामगार दहा केले जातात आणि सगळं आणखी मंदावतं. कारण ते २०० गुण सगळ्या कामगारांत वाटले जातात. ताटं दहा मांडली, भाकरी तीच. कामगार वाढवायचे तर गुणांची मर्यादाही त्या पटीत वाढवा.

हाताने चालवलेल्या व्हॅक्यूमला तर मुळात डुलकीच नाही, तिथे कॉस्ट डिले शून्य असतो. ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या क्रॉनमधून व्हॅक्यूम लावला की रात्रीची डिस्क एकदम कोलमडते ती यामुळे. सेशनमध्ये आधी व्हॅक्यूम कॉस्ट डिले २ मिलिसेकंद ठेवा, मग चालवा.

मेमरीबद्दल थोडंसंच. मेंटेनन्स वर्क मेम मूळचं ६४ एमबी असतं. आवृत्ती १६ पर्यंत प्रत्येक मेलेल्या रोसाठी ६ बाइट लागत, म्हणजे सव्वा कोटीच्या आतच जागा भरायची आणि सगळे इंडेक्स पुन्हा पहिल्यापासून चाळावे लागायचे. पीजी स्टॅट प्रोग्रेस व्हॅक्यूममध्ये इंडेक्सच्या फेऱ्यांचा आकडा एकाच्या पुढे गेलेला दिसला तर हे होतंय असं समजा. आवृत्ती १७ मध्ये ती साठवण बदलली आणि हा त्रास बराच कमी झाला.

इतकं करूनही मेलेल्या रो कमी होत नसतील, तर व्हॅक्यूमला दोष देण्याआधी त्याला कोणी धरून ठेवलंय का ते बघा. जुन्यात जुना उघडा ट्रान्झॅक्शन जेव्हा सुरू झाला, त्यानंतर मेलेली रो कोणालाच हलवता येत नाही. गुन्हेगार ठरलेले आहेत. पहिला, 'आयडल इन ट्रान्झॅक्शन' अवस्थेत पडलेली जोडणी: कोणीतरी टूलमध्ये बिगिन केलं, एखादं अपडेट केलं आणि कमिट न करता जेवायला गेलं. दुसरा, वापरात नसलेला रेप्लिकेशन स्लॉट. तिसरा, अर्धवट राहिलेला प्रिपेअर्ड ट्रान्झॅक्शन, जो सर्व्हर रीस्टार्ट केला तरी जात नाही. चौथा, हॉट स्टँडबाय फीडबॅक चालू असलेल्या रेप्लिकावरची लांबलचक क्वेरी. आणि पाचवा सगळ्यांच्या घरातला: बॅकअप घेणारा पीजी डंप. तो सुरुवातीला एक स्नॅपशॉट घेतो आणि शेवटपर्यंत सोडत नाही. डंप चार तास चालत असेल तर त्या चार तासांत लावलेला व्हॅक्यूम नुसता फिरून येतो. व्हर्बोज लावून पाहिलंत तर 'मेलेल्या पण अजून काढता न येणाऱ्या' रोंचा आकडा समोर येतो. म्हणून दोनचा बॅकअप आणि दोनचा व्हॅक्यूम ही जोडी जमत नाही. आधी डंप, तो संपल्याची खूण मिळाली की मग व्हॅक्यूम, असं साखळीत बांधा; ठरावीक मिनिटांचं अंतर ठेवून भागत नाही, कारण डंप दर महिन्याला लांबत जातो.

आयडल इन ट्रान्झॅक्शन सेशन टाइमआउट पाच मिनिटांवर ठेवला तर जेवायला गेलेल्याचा प्रश्न आपोआप सुटतो. तो माणूस परत येऊन कुरकुर करेल, करू द्या.

इंडेक्स आणि फुगलेली टेबलं

क्रिएट इंडेक्स कन्करंटली दिवसा चालतं, पण तीन गोष्टी सांभाळून. एक, ते ट्रान्झॅक्शन ब्लॉकमध्ये चालत नाही; मायग्रेशनची बरीचशी साधनं प्रत्येक फाइल ट्रान्झॅक्शनमध्ये गुंडाळतात, तिथे ते बंद करावं लागतं. दोन, ते टेबल दोनदा चाळतं आणि मधे जुने ट्रान्झॅक्शन संपायची वाट बघतं, त्यामुळे रिपोर्टच्या वेळी सुरू केलं तर रेंगाळतं. तीन, मधेच तुटलं तर अर्धवट इंडेक्स 'इनव्हॅलिड' म्हणून मागे राहतो. क्वेरी त्याचा उपयोग करत नाहीत, पण प्रत्येक इन्सर्टला त्याचा भार पडतो. सगळा खर्च, फायदा शून्य. रीइंडेक्स कन्करंटली तुटलं तर नावाच्या शेवटी 'सीसीन्यू' असलेला इंडेक्स उरतो. तो ड्रॉप करून पुन्हा सुरुवात करा. रोलवर (डेटाबेसच्या वापरकर्त्यावर) सरसकट ३० सेकंदांचा स्टेटमेंट टाइमआउट असेल तर हे तुटणारच, तेव्हा देखभालीच्या सेशनमध्ये तो शून्य करा. पीजी इंडेक्स या कॅटलॉगमध्ये इनव्हॅलिड इंडेक्स शोधणारी एक ओळीची क्वेरी रोज सकाळी चालवली तर असे अनाथ लगेच सापडतात.

आवृत्ती १४ अजून कोणाकडे १४.० ते १४.३ वर असेल, तर कन्करंटलीला हात लावण्याआधी अद्ययावत करा. त्या आवृत्त्यांत याच कमांडमुळे इंडेक्समधून काही नोंदी गळण्याचा दोष होता. त्यासाठी जून २०२२ मध्ये १४.४ ठरलेल्या वेळापत्रकाबाहेर काढावी लागली.

टेबल खरोखरच फुगलं असेल, म्हणजे २० जीबीचा डेटा आणि १२० जीबीची फाइल, तर व्हॅक्यूम फुलचा मोह होतो. १२० जीबी मोकळं होण्याआधी नवी प्रत लिहायला आणखी २० जीबी आणि इंडेक्सची जागा हवी, आणि तेवढा सगळा वेळ टेबल पूर्ण बंद. पीजी रीपॅक नावाचं साधन हेच काम चालू टेबलवर करतं; तो बाजूला नवी प्रत बनवतो, दरम्यानचे बदल ट्रिगरने टिपून घेतो, आणि शेवटी अदलाबदल करतो. टेबलला प्रायमरी की, किंवा नल नसलेल्या कॉलमांवरचा युनिक इंडेक्स लागतो. ॲक्सेस एक्सक्लुझिव्ह लॉक लागतं ते सुरुवातीला आणि शेवटी, क्षणभरच.

पण शेवटच्या अदलाबदलीच्या वेळी रीपॅकचा मूळ स्वभाव तापट आहे. तो ६० सेकंद वाट बघतो, मग अडवणाऱ्या क्वेरी रद्द करतो, आणि दुप्पट वेळ गेला की जोडण्याच तोडतो. वापरकर्त्यांना धक्का द्यायचा नसेल तर 'नो किल बॅकएंड' हा पर्याय आठवणीने द्या. मग लॉक न मिळाल्यास तो ते टेबल सोडून देतो. तासाभराची मेहनत वाया जाते, पण ग्राहकाची ऑर्डर तुटत नाही. हे काम मात्र खरोखर शांत वेळेला लावण्याजोगं आहे. रीपॅक, व्हॅक्यूम फुल आणि मोठं रीइंडेक्स ही कामं भरपूर वॉलही (बदलांची नोंदवही, जी वाचून रेप्लिका पुढे सरकते) तयार करतात. रेप्लिका मागे पडत असेल तर टेबलं एकामागून एक घ्या, आणि मधे रेप्लिका गाठेपर्यंत थांबा.

जुन्या नोंदी काढण्याबद्दलही तेच. एका डिलीटमध्ये तीन कोटी रो उडवणं म्हणजे तासभराचा ट्रान्झॅक्शन आणि तीन कोटी मेलेल्या रो. पाच हजारांच्या तुकड्यांनी डिलीट, प्रत्येकानंतर कमिट, मधे अर्धा सेकंद. त्याहून बरं म्हणजे महिनावार पार्टिशन, टेबलचे महिन्यागणिक वेगळे भाग. आवृत्ती १४ पासून डिटॅच कन्करंटली मूळ टेबल न अडवता जुना महिना वेगळा काढतं, मग तो निवांत ड्रॉप करा. मात्र कुठल्याच भागात न बसणाऱ्या रोंसाठी डिफॉल्ट पार्टिशन ठेवलं असेल तर कन्करंटली नकार देतं. सोय म्हणून ठेवलेलं डिफॉल्ट पार्टिशन असं महागात पडतं.

आता घड्याळ

लॉकचा हिशेब लावल्यावर जी मोजकी कामं उरतात त्यांच्यासाठी शांत वेळ शोधायची. ती अंदाजाने ठरवू नका. पीजी स्टॅट डेटाबेसमधला कमिटचा आकडा दर पाच मिनिटांनी टिपा, फरक काढा, निदान चार आठवडे. पगाराचे दिवस, जीएसटीच्या विवरणपत्राची २० तारीख, दहावी-बारावीच्या निकालाचा दिवस यांची रात्र नेहमीच्या रात्रीसारखी नसते. वेळ पाळायची म्हणून उघड पाटी लावण्याची चैन सगळ्यांना परवडत नाही. रेल्वेचं ऑनलाइन आरक्षण रात्री पावणेबारा ते बारा वीस बंद असतं हे लोकांनी मान्य केलंय, तुमच्या किराणा ॲपचं कोणी मान्य करणार नाही.

सर्व्हर बहुधा यूटीसीवर असतो आणि आपण साडेपाच तास पुढे. आपली रविवार पहाटेची अडीचची वेळ म्हणजे यूटीसीतले शनिवारचे २१:००. क्रॉनमध्ये रविवार लिहून मोकळं झालात तर काम सोमवारी पहाटे अडीचला चालतं, आठवड्याच्या कामाच्या तोंडावर. 'एक तारखेला पहाटे अडीच' तर आणखी वाईट, कारण ती यूटीसीत आदल्या महिन्याची शेवटची तारीख असते, आणि साध्या क्रॉनमध्ये 'महिन्याचा शेवटचा दिवस' सरळ लिहिता येत नाही. अशी कामं आपल्याकडे पहाटे साडेपाचच्या पुढे, म्हणजे यूटीसीतही एक तारीख लागल्यावर ठेवा, किंवा क्रॉनलाच भारतीय वेळ सांगा. पीजी क्रॉनही मुळात जीएमटीच धरतो. नव्या आवृत्त्यांत त्याला टाइमझोनचं सेटिंग आहे.

पुण्या-मुंबईत बसून अमेरिकेतल्या ग्राहकांचा डेटाबेस सांभाळणाऱ्यांचं गणित वेगळं. आपली रात्रीची अडीच म्हणजे न्यूयॉर्कची दुपारची चार, उन्हाळ्यात पाच. शांत वेळ त्यांच्या घड्याळाने घ्या, पण रात्री एक ते तीनच्या मधे काही लावू नका. मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिथे दोन ते तीन हा तास अस्तित्वातच नसतो, आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी एक ते दोन हा तास दोनदा येतो. काही क्रॉन हुकलेलं काम नंतर चालवतात, काही गाळतात. त्यावर विसंबण्यापेक्षा साडेतीनची वेळ बरी.

मिनिटही गोल घेऊ नका. सगळं जग ०० मिनिटाला क्रॉन लावतं, तुम्ही १७ किंवा ४३ घ्या. कालचं काम अजून चालू असताना आजचं सुरू होऊ नये म्हणून सुरुवातीला पीजी ट्राय ॲडव्हायजरी लॉक मागा; नाही मिळालं तर गुपचूप बाहेर पडा. आणि शेवटाची वेळही ठरवा. देखभालीची खिडकी साडेचारला संपत असेल तर स्क्रिप्टने सव्वाचारनंतर नवं टेबल हातात घेऊ नये. व्हॅक्यूम मधेच रद्द केला तरी डेटा बिघडत नाही, फक्त राहिलेलं काम पुढच्या वेळी पुन्हा करावं लागतं.

एक व्हॅक्यूम मात्र तुमचं वेळापत्रक जुमानत नाही. ट्रान्झॅक्शन क्रमांक ३२ बिटचे असतात, म्हणून टेबलचं वय २० कोटी ट्रान्झॅक्शनच्या पुढे गेलं की रॅपअराउंड (क्रमांक संपून पुन्हा पहिल्यापासून सुरू होणं) टाळणारा ऑटोव्हॅक्यूम सुरू होतो, ऑटोव्हॅक्यूम बंद ठेवला असला तरीही. नेहमीचा ऑटोव्हॅक्यूम तुमच्या ऑल्टरला लॉक हवंय असं दिसताच सेकंदाभरात माघार घेतो. हा घेत नाही. ऐन मोसमात तो दारात उभा राहू नये म्हणून टेबलांची वयं आठवड्याला बघा, आणि १५ कोटींच्या आसपास पोचलेली टेबलं शांत रात्री एकेक करून स्वतःच फ्रीझ करून घ्या, म्हणजे त्यांच्या जुन्या रोंवर 'कायमच्या जुन्या' अशी खूण करून घ्या. व्हॅक्यूमडीबीला किमान वयाची अट देता येते, त्यामुळे यादी हाताने करावी लागत नाही.

रीस्टार्ट

छोट्या आवृत्त्या साधारण फेब्रुवारी, मे, ऑगस्ट आणि नोव्हेंबरच्या दुसऱ्या गुरुवारी येतात. त्या घ्यायच्या तर रीस्टार्ट अटळ आहे, पण तो वापरकर्त्याला दिसायलाच हवा असं नाही. नवी पॅकेजं आधी उतरवून ठेवा. इन्स्टॉल होताच पॅकेज स्वतःहून सर्व्हर रीस्टार्ट करणार नाही ना, तेही तपासा. मग चेकपॉइंट ही कमांड हाताने द्या, आणि ती संपली की लगेच आणखी एकदा. पहिल्यात साचलेली पानं डिस्कवर जातात, दुसऱ्यात थोडीच उरतात, आणि बंद होताना सर्व्हर मिनिटभर लिहीत बसत नाही. आता पीजीबाउन्सरला पॉज. चालू ट्रान्झॅक्शन संपतात, नवे दारात थांबतात. सर्व्हर 'फास्ट' पद्धतीने रीस्टार्ट, मग रिझ्यूम. ग्राहकाला काही सेकंदांचा उशीर जाणवतो, चूक दिसत नाही. थांबलेल्यांना बाउन्सर मूळ सेटिंगमध्ये १२० सेकंद धरून ठेवतो, ॲपचा स्वतःचा टाइमआउट बहुतेक त्याहून कमी असतो. तो आधी तपासा. हे सगळं ट्रान्झॅक्शन पूलिंगवर जमतं. सेशन पूलिंगवर पॉज प्रत्येक ग्राहक जोडणी सोडेपर्यंत वाट बघत बसतो, आणि ॲप सर्व्हर आपणहून जोडणी सोडत नाहीत.

पॉज दिल्यावर पाच-दहा सेकंदांत तो पूर्ण झाला नाही, तर कुठलीतरी लांब क्वेरी चालू आहे. तेव्हा रेटू नका. रिझ्यूम द्या, ती क्वेरी संपू द्या, दहा मिनिटांनी पुन्हा या. रीस्टार्टनंतर शेअर्ड बफर (पोस्टग्रेसची मेमरीतली कॅश) रिकामे असतात, पहिली काही मिनिटं सगळं डिस्कवरून येतं. पीजी प्रीवॉर्मचं ऑटोप्रीवॉर्म चालू ठेवलं असेल तर कोणती पानं मेमरीत होती याची यादी तो दर ३०० सेकंदांनी लिहून ठेवतो आणि उठल्यावर तीच परत भरतो. ते शेअर्ड प्रीलोड लायब्ररीजमध्ये घालावं लागतं, आणि ते सेटिंग लागू व्हायलाही एक रीस्टार्ट लागतो. म्हणून पहिल्या खेपेला याचा फायदा मिळत नाही, पुढच्या तिमाहीपासून मिळतो.